बर्माशेलची पाटी

गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला काढली होती, तेव्हाची ही गोष्ट. पंप रूमला लागून जी टाकी आहे, तिच्या तोंडावर पंचवीस वर्षं एक जाड पत्रा होता. पत्र्यावर सिमेंटचा थर, थरावर शेवाळ आणि शेवाळावर कुणाची ना कुणाची सायकल. टाकी साफ करणाऱ्या पोरांनी पहारीने तो पत्रा उचकटला आणि उलटा करून भिंतीला टेकवला. पाणी कधी येणार हे विचारायला मी खाली उतरलो होतो. पाहतो तर पत्र्याची पाण्याकडची बाजू लख्ख. पिवळाधमक शिंपला आणि लाल इंग्रजी अक्षरांत नाव : बर्मा-शेल. कडा गंजलेल्या, खालच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, बाकी रंग कालच दिल्यासारखा.

पोरं विशी-बाविशीची. एकाने विचारलं, "काका, ही कसली कंपनी?" मी म्हटलं, पेट्रोलची. "म्हणजे ती शेल, बाहेरची, आता नवीन आलीय ती?" नवीन! मी काही बोललो नाही. मला त्या क्षणी माझ्या वडिलांचा जेवणाचा डबा आठवत होता. त्याचं कारण पुढे येईल.

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर बातमी पसरली की आपल्या जागेवर पूर्वी बर्माशेलचा पेट्रोल पंप होता. दुसऱ्या दिवशी ती आणखी वाढली. आपली पाण्याची टाकी हीच मुळात पंपाची पेट्रोलची टाकी, असं एका वहिनींनी सांगितलं, आणि मग पाण्याला आजवर कधी कधी येणाऱ्या वासाचा उलगडा अनेकांना एकदम झाला. स्मरणिका समितीला ही हकीकत फार आवडली. "तुम्ही जुने भिवंडीकर, तुम्हीच लिहा, आपल्या वास्तूचा इतिहास," असं मला सांगण्यात आलं.

मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. कागद पाहिल्याशिवाय माणसाच्या गळ्यातल्या साखळीवरही विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली शिकवण. म्हणून आधी सेक्रेटरींकडून सोसायटीची जुनी फाइल मागून घेतली. सातबारा पाहिला, फेरफार पाहिले, बिनशेतीचा आदेश पाहिला. आपली जमीन भातशेतीची. बिनशेती झाली ती थेट निवासी वापरासाठी. पेट्रोल पंप म्हटला की १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखालचा परवाना आला, नकाशा आला, टाक्यांची नोंद आली. तसलं एक चिटोरंही नाही. तेव्हा सभासदांनी निश्चिंत मनाने पाणी प्यावं. इथे पंप कधीच नव्हता.

पंप होता, पण तो आग्रा रोडवर. आणि त्याच्याबद्दल मला खरंच थोडं ठाऊक आहे, कारण माझे वडील तिथे हिशेब लिहायला होते.

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे आणि पुढे पडघा, शहापूर, कसारा घाट करत नाशिककडे जाणारा हा रस्ता. मी शाळेत होतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आणि शेतं होती. पंप म्हणजे एक कौलारू खोली, समोर एक छपरी, आणि हाताने चालवायचं यंत्र. यंत्राच्या वर काचेची दोन नळकांडी. दांडा मागेपुढे हलवला की पेट्रोल चढून एक नळकांडं भरायचं, ते रिकामं होत असताना दुसरं भरायचं. किती माल मिळाला हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसायचं. आज आपण आकडे पळताना बघतो आणि शून्य पाहिलं का म्हणून विचारतो. तेव्हा प्रत्यक्ष पेट्रोलच दिसत असे, फिकट लालसर. यंत्राच्या डोक्यावर दुधी काचेचा शिंपला, आत दिवा. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर तो शिंपला लांबून दिसायचा. घाट चढण्याआधी ट्रकवाले तिथे थांबत, हवा-पाणी बघत, क्लीनर बादली घेऊन विहिरीवर जाई. मी दुपारी वडिलांचा डबा घेऊन जायचो आणि ते जेवेपर्यंत हा सगळा देखावा बघत बसायचो.

वडिलांच्या टेबलाच्या काचेखाली एक पुठ्ठा होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने कोष्टक लिहिलं होतं : एक गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर, दोन गॅलन म्हणजे अमुक, असं वीसपर्यंत. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि हळूहळू पेट्रोलही लिटरवर आलं. पण ड्रायव्हर मंडळी कितीतरी वर्षं गॅलनच मागत. वडील गॅलन ऐकायचे आणि लिटर लिहायचे. हिशेबात माझी जी काही गती झाली, तिची सुरुवात त्या पुठ्ठ्यापासून आहे.

आता या नावाची हकीकत. बर्माशेल आपण एका दमात म्हणतो, पण ती दोन कंपन्यांची जोडी होती. बर्मा ऑइल ही १८८६ साली ब्रह्मदेशातल्या तेलासाठी स्कॉटिश व्यापाऱ्यांनी काढलेली कंपनी. शेल ही लंडनची. मार्कस सॅम्युएल नावाच्या गृहस्थांचे वडील लंडनमध्ये शोभेच्या वस्तू आणि पूर्वेकडून आणलेले शंख-शिंपले विकत. मुलगा तेलाच्या धंद्यात शिरला. १८९२ मध्ये त्याचं 'म्युरेक्स' हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पार झालं. म्युरेक्स हेही एका शंखाचंच नाव. तेल थेट टाक्यांत भरून नेणाऱ्या जहाजाला कालव्यातून परवानगी मिळाल्याची ती पहिली वेळ. त्याआधी रॉकेल डब्यांत भरून, डबे पेट्यांत घालून जहाजावर चढवत. १८९७ मध्ये या घराण्याच्या कंपनीने शेल हे नाव घेतलं.

पण शिंपल्याचं चित्र कुठून आलं? इथे आपला देश मध्ये येतो. सॅम्युएलचं रॉकेल हिंदुस्थानात आणून 'ग्रॅहॅम्स ऑइल' या नावाने विकणारे ग्रॅहॅम नावाचे एक व्यापारी होते, ते पुढे शेलचे संचालक झाले. त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हात शिंपला होता आणि तोच कंपनीने उचलला असावा, असं शेलच्याच इतिहासात सांगितलेलं आहे. म्हणजे जगभर मिरवणाऱ्या त्या चिन्हाच्या मुळाशी आपल्याकडच्या दिव्यात जळलेलं रॉकेलही आहे. १९२८ मध्ये हिंदुस्थानातल्या विक्रीसाठी बर्मा ऑइल आणि शेलच्या बाजूची एशियाटिक पेट्रोलियम एकत्र आल्या आणि बर्माशेल जन्माला आली.

धंदा मुख्यतः रॉकेलचा. मोटारी किती होत्या? दिवे मात्र घरोघर होते. रॉकेल या शब्दातच 'रॉक ऑइल' आहे आणि घासलेट म्हणजे 'गॅसलाइट', असं जाणकार सांगतात. कंपन्यांनी आपल्याला तेल विकलं आणि आपण त्याच्यातून शब्द केले. हलक्या पुस्तकांना 'घासलेटी' म्हणायलाही कमी केलं नाही. चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा चौकोनी डबा हे त्या काळाचं मोठं देणं. तेल संपलं की डब्याला लाकडी दांडी ठोकायची, झाली पाण्याची बादली. कापून सरळ केला की छपराचा पत्रा. माती भरली की तुळस. चाळीत राहिलेल्यांना त्याच्या लहान भावंडांचा सकाळचा उपयोगही आठवत असेल, तो इथे लिहीत नाही.

अशाच चार गॅलनच्या डब्यांतून पेट्रोल बैलगाडीवर घालून अहमदाबादच्या विमानतळावर आणलं गेलं होतं, १५ ऑक्टोबर १९३२ ला. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकट्याने जुहूला यायला निघाले होते, त्या प्रसिद्ध उड्डाणाला इंधन बर्माशेलचं होतं. देशाची विमानसेवा सुरू झाली ती बैलांच्या साक्षीने. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार गंमत वाटली, कारण भिवंडीतही रॉकेल बैलगाडीवरच्या टाकीतूनच यायचं आणि आम्ही पोरं डबा घेऊन तिच्या मागे धावायचो.

बर्माशेल एकटी नव्हती. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी १९११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फोडली, तिच्या नावाची दोन अक्षरं एस. ओ. म्हणजेच एस्सो. आपल्याकडे ती आधी स्टॅनव्हॅक होती, १९६२ नंतर एस्सो झाली. तिची निळ्या लंबवर्तुळातली लाल अक्षरं, आणि टाकीत वाघ भरा सांगणारा तो जाहिरातीतला वाघ. तिसरी कॅलटेक्स, म्हणजे कॅलिफोर्निया आणि टेक्सास, तिचा तारा. तिघींनी स्वातंत्र्यानंतर इथे तेलशुद्धीकरण कारखाने बांधले. स्टॅनव्हॅकचा तुर्भ्याकडे १९५४ मध्ये, बर्माशेलचा त्याच्याच शेजारी माहुलला १९५५ मध्ये, कॅलटेक्सचा विशाखापट्टणमला १९५७ मध्ये. त्याच सुमारास बर्माशेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला, त्याचं नाव बरशेन. मुंबईला मावशीकडे पहिल्यांदा निळी ज्योत पाहून माझी आई बराच वेळ ओट्यापाशीच उभी राहिली होती. भांड्याच्या बुडाला काजळी नाही, हे तिला खरंच वाटेना.

शिंपला, वाघ, तारा. ही चिन्हं अशी का, याचा विचार मी पुष्कळ पुढे केला. आग्रा रोडवरच्या तेव्हाच्या ड्रायव्हरांपैकी इंग्रजी वाचता येणारे किती? मराठी-हिंदी तरी किती जणांना येत असेल? पण शिंपला सगळ्यांना वाचता यायचा. एखादा पंजाबी ड्रायव्हर वडिलांना सांगायचा, "पिछले सीपवाले पंप पे पानी नहीं था." त्याच्या दृष्टीने सगळा रस्ता असा चिन्हांचाच होता.

आणि पाट्या टिकाऊ होत्या. आजचे फ्लेक्स एका पावसात फाटतात, तिथे ही पाटी पंचवीस वर्षं पाण्यावर पालथी राहिली. ती रंगवलेली नसते, भाजलेली असते. लोखंडी पत्र्यावर काचेच्या पुडीचा लेप देऊन तो भट्टीत साधारण आठशे अंश सेल्सिअसला भाजतात. काच वितळून पत्र्याला चिकटते. मग दुसरा रंग, साच्यातून, पुन्हा भट्टी. तिसरा रंग, पुन्हा भट्टी. आपल्या आजीकडे जे इनॅमलचे निळ्या काठाचे टोप आणि थाळ्या होत्या, त्यांचीच ही जात. रंग काचेत असल्यामुळे ऊन त्याला फिका करू शकत नाही. टोपासारखाच शत्रू एकच, आदळआपट. टवका उडाला की लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथून आत शिरतो. म्हणून जुन्या पाट्या नेहमी कोपऱ्यांशी आणि स्क्रूच्या भोकांशी गंजलेल्या दिसतील, मध्ये कोऱ्या.

अशा पाट्या एवढ्या टिकाऊ, आणि कंपन्या मात्र गेल्या. कशा गेल्या ते माझ्या पिढीने पाहिलं आहे.

भांडण जुनं होतं. १९६० मध्ये रशियाने आपल्याला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेव्हा या तिन्ही कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करायला नकार दिला. त्या वेळचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांच्या हे चांगलंच लक्षात राहिलं. १९५९ मध्ये सरकारी तेल कंपनी निघालीच होती, १९६४ मध्ये तिची इंडियन ऑइल कॉर्पोरेशन झाली. मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो अकरा डॉलरच्या वर गेला. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. पुन्हा बैलगाडीच!

वडिलांच्या पंपावर त्या हिवाळ्यात रांगा होत्या आणि शिव्याही होत्या. शिव्या खाणारा माणूस कुठल्याही काळात काउंटरवरचाच असतो, हे मी नंतर बँकेत स्वतः अनुभवलं.

१९७४ मध्ये कायदा होऊन एस्सो सरकारकडे आली, तिची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. २४ जानेवारी १९७६ ला बर्माशेल घेतली, तिचं नाव भारत रिफायनरीज. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलटेक्स. ती १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिळाली. आणि भारत रिफायनरीजचं १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम झालं. वडिलांच्या टेबलावरचे रबरी शिक्के दीड वर्षात दोनदा बदलले. जुने शिक्के त्यांनी टाकले नाहीत, चाकूने रबर खरवडून त्यांचे लाकडी दस्ते देव्हाऱ्याच्या फळीला खुंट्या म्हणून ठोकले.

मी तोवर बँकेत लागलो होतो. आमच्या बँकेचंही राष्ट्रीयीकरण झालेलं, १९ जुलै १९६९ च्या चौदा बँकांमधलं. मी वडिलांना म्हणायचो की आमच्याकडे मालक बदलला पण पाटी तीच राहिली, तुमच्याकडे पाटीही गेली. ते म्हणायचे, "तुमची नावं इथल्या मातीतली होती. यांचं नाव विलायतेतल्या घरचं. जावई गेला की त्याचं आडनाव जाणारच." मला वाटतं, एवढ्यात सगळं आलं. शेल, एस्सो, कॅलटेक्स ही नावं बाकी जगात चालूच होती. सरकारने टाक्या घेतल्या, कारखाने घेतले, माणसं घेतली. शिंपला तेवढा ज्याचा त्याला परत.

पाटी उतरवली त्या दिवशी मी तिथे होतो. रविवार होता म्हणून जमलं. काहीही समारंभ नव्हता. शिडीवर एक माणूस, खाली एक माणूस, पान्याने बोल्ट फिरत नव्हते म्हणून छिन्नीने तोडले. दुधी काचेचा दिवा आधीच काढून कुठे तरी ठेवला होता. पाट्या भिंतीला लावून ठेवल्या, आणि पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्या नव्हत्या. कुठे गेल्या हे विचारायचंही मला सुचलं नाही. पंचविशीतल्या माणसाला पाटीत काय रस असणार?

त्या कुठे जात हे मात्र पुढे दिसत राहिलं. एका गोठ्याच्या भिंतीत मी एस्सोचं अर्धं लंबवर्तुळ पाहिलं आहे. बाजारात एका इस्त्रीवाल्याच्या टेबलावर गोधडीखाली कॅलटेक्सचा तारा होता, इस्त्री ठेवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण इनॅमल तापाने जळत नाही. ओट्याचं फडताळ, गटारावरचं झाकण, कोंबड्यांचं खुराडं. भिवंडीत कुठलाही पत्रा वाया जात नाही.

नाव तर त्याहून चिवट निघालं. पंपाची पाटी बदलून दहा वर्षं झाली तरी आग्रा रोडचे रिक्षावाले 'बर्माशेल' म्हणूनच सवारी घेत. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या वाटेवर एका वस्तीला आजही बर्माशेल म्हणतात, आणि तिथे राहणाऱ्या तरुण मुलांना ते गावाचं नाव वाटत असल्यास नवल नाही. कुठल्याही कंपनीचं इंजिन ऑइल असो, कित्येक मेकॅनिक त्याला मोबिल ऑइलच म्हणतात. तिकडे मूळ बर्मा ऑइलचं काय झालं म्हणाल, तर तिने १९६६ मध्ये कॅस्ट्रॉल विकत घेतली आणि २००० साली दोन्ही मिळून बीपीच्या पोटात गेल्या. म्हणजे जगाच्या बाजारातून बर्मा हे नाव गेलं, त्या सुमाराला आपल्या सोसायटीच्या पायाचं खोदकाम चालू होतं. शेल मात्र २००४ नंतर आपल्याकडे पुन्हा पंप टाकू लागली. टाकी साफ करणाऱ्या त्या पोराला ती नवीन वाटली, त्यात त्याची चूक नाही.

राहता राहिला प्रश्न आपल्या पाटीचा. ती टाकीवर आली कुठून? सेक्रेटरींनी खटपट करून आपल्या इमारतीच्या जुन्या मिस्त्रीचा फोन नंबर मिळवला. तो आता गावी असतो. त्याला टाकी आठवत होती, पत्राही आठवत होता. "साहेब, झाकणाचा माल वेळेवर आला नाही, म्हणून भंगारातून जाड पत्रा वजनावर आणला. चित्र होतं खरं काही तरी. सिमेंट धरत नव्हतं त्या बाजूला, म्हणून उलटा टाकला." इनॅमल गुळगुळीत, त्यावर सिमेंट धरत नाही. शिंपला वाचला तो एवढ्यासाठी. कुठल्या भंगारवाल्याकडून आणला, ते त्याला आठवत नाही.

आता एक कबुली. वडिलांच्या पंपावर छपरीखाली अशीच एक पाटी होती आणि तिच्याही खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता, ट्रकच्या फाळक्याने. उजवा कोपरा की डावा, हे मला सांगता येत नाही. गेलं वर्षभर मी रात्री झोप लागेपर्यंत ती पाटी डोळ्यांपुढे आणून पाहतो. कधी टवका उजवीकडे दिसतो. पण जो न्याय मी सोसायटीच्या पेट्रोल पंपाला लावला, तोच मला स्वतःला लावला पाहिजे. कर्जदाराची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आलं तरी कागद नसेल तर खातं मंजूर होत नाही. बर्माशेलच्या अशा पाट्या असंख्य होत्या आणि कोपरे सगळ्यांचेच जातात.

पाटी सापडल्याचा फोटो कुणी तरी ग्रुपवर टाकला आणि आठवड्यात एक गृहस्थ मुंबईहून चौकशीला आले. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे. त्यांनी पाटीवरून बोटं फिरवली, प्रत्येक रंगाची कड बोटाला लागते का ते पाहिलं, भोकांजवळचा गंज नखाने उकरला, वजन पाहिलं. मला म्हणाले, हल्ली नकली पाट्या फार निघतात, पातळ पत्र्यावर नुसता छापील रंग, आणि गंज आणायला ॲसिड लावतात. तो गंज सगळीकडे सारखा असतो, खरा गंज कडेपासून आत सरकत येतो. माणूस जाणकार होता. त्यांनी चौदा हजार रुपये सांगितले आणि आपल्या समितीत दोन तट पडले.

विकावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तोंडावर आहे, सिंकिंग फंडाची अवस्था मी स्वतः ताळेबंदात पाहिली आहे, आणि पाटी तशीही भंगारातून आलेली. ठेवावी म्हणणाऱ्यांकडे मुद्दा एकच होता, की पंचवीस वर्षं तिने आपलं पिण्याचं पाणी झाकलं. वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयावर पाऊण तास चर्चा झाली, पार्किंगलाही इतका वेळ कधी दिलेला नाही. मतदान झालं. ठेवण्याच्या बाजूने एकवीस, विकण्याच्या बाजूने सतरा. मी मत दिलं नाही. माझा त्यात नको तेवढा जीव गुंतलेला होता आणि तो सभेला सांगण्याची माझी तयारी नव्हती. इथे सांगतो आहे, कारण लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं.

पाटी आता सोसायटीच्या ऑफिसात, टेबलामागच्या भिंतीवर आहे. भिंतीत भोकं पाडताना पाटीला नवं भोक पाडायचं नाही, तिची जी जुनी चार आहेत तीच वापरायची, एवढा आग्रह मी धरला आणि प्लंबरने तो पाळला. खाली लावायचा मजकूर मला लिहायला सांगितला होता. 'या जागी पूर्वी बर्माशेलचा पेट्रोल पंप होता' असा मसुदा आधीच तयार होता. तो मी बाजूला ठेवला. नवा मजकूर असा आहे : 'बर्मा-शेल कंपनीची इनॅमलची पाटी, १९७६ पूर्वीची. आपल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पंचवीस वर्षं होती.'

टाकीला आता फायबरचं झाकण बसवलं आहे. त्याचे पैसे यंदाच्या जमाखर्चात दुरुस्ती खाती पडले आहेत, कुणाला पाहायचे असल्यास.